पोराला आधी घरच्या भाषेत वाचू द्या

दुसरीतल्या मुलाचं इंग्रजीचं पुस्तक उघडा आणि त्याला एक धडा वाचायला सांगा. तो घडाघडा म्हणून दाखवेल. आता पानावरचं चित्र तळहाताने झाका, मधल्याच एखाद्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, हे काय लिहिलंय? पुष्कळ मुलं इथे गप्प होतात. काही जण ओळीच्या सुरुवातीपासून पुन्हा म्हणायला लागतात आणि म्हणत म्हणत त्या शब्दापाशी पोचतात. धडा पाठ आहे, वाचता येत नाही. वहीत बरोबरच्या खुणा असतात, मूल तोंडाने बोलत असतं, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही.

चेन्नईतल्या मराठी आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे की ही परीक्षा आज घरी घेऊन बघा. मूल अडलं तर रागावू नका, त्याची काही चूक नाही. घरी मराठी, रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत आपण त्याला वाढवतो आणि वाचायला मात्र त्याच भाषेत बसवतो जी त्याला सगळ्यात कमी येते.

साहुकारपेठेत खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतून आलेली गलाईवाल्यांची कुटुंबं आहेत. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात त्यांच्या पिढ्या गेल्या. अशाच एका घरी मी गेले होते. खाली दुकान, वर माळ्यावर बिऱ्हाड. मुलगा दुसरीत, इंग्रजी शाळेत. वर सांगितलेली परीक्षा घेतली आणि तो अडला. आई कसनुशी झाली. मी जुन्या बिलबुकातला एक कागद मागितला, त्याचे तीन तुकडे केले. एकावर न, एकावर क आणि एकावर नुसता काना काढला. न, काना, क असे तुकडे लावले आणि म्हटलं, हे ‘ना’, हे ‘क’. त्याने दोन-तीनदा जोडून पाहिलं आणि एकदम स्वतःच्या नाकाला हात लावला. मग दोन्ही टोकांचे तुकडे बदलले, काना मधे तसाच ठेवला. थोडा वेळ तो बघत राहिला. आणि ओरडला, “कान!” त्यानंतर तुकडे त्याने माझ्या हातात दिलेच नाहीत. आणखी एक क आणि आणखी एक काना काढून मागितला, ‘काका’ लावलं आणि खाली दुकानात काकाला दाखवायला धावला.

त्या पंधरा मिनिटांत काय झालं ते समजून घ्या. नाक, कान, काका हे शब्द त्याच्या तोंडात आधीपासून होते. त्याला फक्त खुणांवरून आवाज काढायचा होता; आवाज निघाला की अर्थ आपोआप हजर. वाचनाचे हे दोन भाग आहेत, अक्षरांतून शब्द काढणं आणि त्या शब्दाचा अर्थ लागणं. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली हे सूत्रच मांडलं की या दोन्हींचा गुणाकार म्हणजे वाचन. एक शून्य असेल तर उत्तर शून्य. घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेत मूल वाचायला बसतं तेव्हा दोन्ही ओझी एकाच वेळी त्याच्या डोक्यावर येतात. शिवाय इंग्रजीत अक्षराचं नाव एक, आवाज दुसरा, तोही शब्दागणिक बदलणारा. आपल्या लिपीत ‘क’ला क म्हणतात आणि तो क असाच वाचतात. सहा वर्षांच्या मुलासाठी ही केवढी मोठी सवलत आहे! ती आपण त्याला देत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

“पण मराठी शिकवली तर इंग्रजी मागे पडेल,” असं आया मला म्हणतात. तसं होत नाही. खुणेला आवाज असतो, आवाज जोडले की शब्द होतो, शब्दाला अर्थ असतो, ही गोष्ट मूल एकदाच शिकतं. एका भाषेत ती पक्की झाली की दुसरीत नव्या खुणा तेवढ्या शिकायच्या उरतात. याचा पुरावा चेन्नईत रोज दारात येतो. आविनच्या दुधाची पिशवी घ्या. तिच्यावर तमिळमध्ये तीन अक्षरं आहेत: आ, वि, न्. मुलाला दाखवा की आपली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी उभी राहते आणि तमिळमधली ‘वि’ची खूण अक्षराच्या उजवीकडे जोडलेली असते. शेवटच्या ‘न्’च्या डोक्यावर टिंब आहे. आपण पाय मोडतो, ते टिंब देतात, काम तेच. तमिळमध्ये क, ख, ग, घ या सगळ्यांना मिळून एकच अक्षर आहे, कुठे ‘क’ म्हणायचं आणि कुठे ‘ग’ हे शब्दातल्या जागेवरून कळतं. बाराखडी समजलेलं मराठी मूल तमिळची मात्रापद्धत फार लवकर उचलतं, कारण दोन्ही लिप्यांची घडण एकाच घराण्यातली आहे. तमिळला परकी समजू नका. तिचे आवाज मुलाच्या कानावर रोज पडतात, त्यामुळे वाचायला तीही इंग्रजीपेक्षा सोपीच जाईल.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. ज्या घरात मूल तमिळच बोलतं, आईवडीलही आपापसांत तमिळ बोलतात, तिथे वाचनाची सुरुवात तमिळमधून करा. मैलापूर-ट्रिप्लिकेनकडच्या जुन्या तंजावरी घरांत हे असू शकतं. मराठीचा हट्ट मुलाच्या माथी मारून उपयोग नाही. मूल ज्या भाषेत भांडतं, हट्ट करतं, स्वप्न सांगतं, त्या भाषेत त्याने आधी वाचावं.

मात्र घरची भाषा मराठी असेल तर देवनागरी घरातूनच यावी लागेल. तमिळनाडूत १९६८ पासून द्विभाषा धोरण आहे, २००६च्या कायद्याने शाळांमध्ये तमिळ टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. तमिळ आणि इंग्रजी शाळा शिकवेल. केंद्रीय मंडळाच्या काही शाळांत हिंदीमुळे देवनागरी भेटते, पण बऱ्याचदा तोवर मूल मोठं झालेलं असतं. याबद्दल तक्रार करण्यात मला अर्थ दिसत नाही. मराठी वाचन या मुलखात नवं नाही. तंजावरचे मराठे राजे सरफोजी तरुणपणी काही वर्षं याच मद्रासेत राहून शिकले, आणि पुढे तंजावरला त्यांनी स्वतःचा छापखाना काढून देवनागरी खिळे पाडून घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या छापखान्यातून इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने निघाला. मराठी मुलांसाठी छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी एक तमिळ मुलखात छापलं गेलं. तेव्हा इथे मराठी वाचनाला काही आधार नाही, असं म्हणू नका.

आता शिकवायचं कसं, याकडे येते. यातही हे शहर आपल्याला पुष्कळ सांगू शकतं. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. इथल्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढताना त्याने पाहिली. आपल्या शाळेत त्याने तसं करायला सांगितलं तर मास्तरांनी मनावर घेतलं नाही. तेव्हा त्याने जॉन फ्रिस्कन नावाच्या आठेक वर्षांच्या मुलालाच लहान मुलांच्या अक्षरांच्या वर्गावर नेमलं. काम झालं. बेलने १७९७ साली लंडनमध्ये यावर पुस्तक छापलं आणि ‘मद्रास पद्धत’ जगभर गेली. पुढे शेकडो मुलं एका मास्तराच्या हाताखाली कोंडायला तिचा वापर झाला, तो भाग वाईट. पण अक्षर हाताने गिरवावं आणि लहानाला त्याच्याहून थोड्या मोठ्याने शिकवावं, या दोन गोष्टी खऱ्याच आहेत.

दोनशे वर्षांनी, २००३ मध्ये, चेन्नई महापालिकेचे आयुक्त एम. पी. विजयकुमार यांनी पालिकेच्या शाळांत असंच काही उभं केलं. मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीने खेड्यातल्या शाळांसाठी तयार केलेली पद्धत पाहून आधी १३ शाळांत सुरुवात झाली. फळा भिंतीवर खाली, मुलांच्या उंचीला आणला आणि प्रत्येक मुलाला त्याचा आपला तुकडा दिला. पुस्तकाऐवजी चित्रखुणांची छोटी छोटी कार्डं आणि भिंतीवर शिडीचा तक्ता. आपण शिडीवर कुठे आहोत ते बघून मूल स्वतः पुढचं कार्ड उचलायचं. पहिली ते चौथीची मुलं एकत्र चटईवर बसायची. काही बाईंजवळ, काही एकमेकांना धरून, काही एकटी. वर्गाने मिळून पान पुढे ढकलायचं, ही सक्तीच गेली. कुणी आठवडाभर गैरहजर राहिलं तरी परत आल्यावर त्याच पायरीवर उभं राहायचं, वर्ग त्याला टाकून गेलेला नसायचा. ही पद्धत पुढे राज्यभर गेली तेव्हा सगळीकडे सारखी उतरली नाही, हेही खरं. तरी त्या शिडीतून आईवडिलांनी घ्यावं असं एक आहे, ते म्हणजे आपलं मूल कोणत्या पायरीवर उभं आहे ते बघा आणि पुढची एकच पायरी द्या. शेजारचं मूल कुठे आहे, ते बघू नका.

पायरी कशी ओळखायची? ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून हेच साध्या रीतीने तपासतात. मूल अक्षरं ओळखतं का, दोन-तीन अक्षरांचे शब्द वाचतं का, पहिलीच्या पातळीच्या चार सोप्या ओळी वाचतं का, दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट वाचतं का. या चारांतलं जे शेवटचं जमतं तिथून सुरू करा, मग मूल पाचवीत का असेना.

अक्षरं शिकवताना क ख ग घ ङ असं ओळीने जाऊ नका. ङ आणि ञ ही अक्षरं लहान मुलाला एकाही ओळखीच्या शब्दात भेटत नाहीत, त्यांच्यावर आठवडे का घालवायचे? ज्यांचे लगेच शब्द होतात ती अक्षरं आधी घ्या. न, क, म, ळ, घ, र आणि काना एवढ्यांत नळ, घर, कमळ, नाक, कान, काका, मामा हे शब्द होतात, माकड करायला फक्त ड वाढवा. मुलाचं स्वतःचं नाव पहिल्याच दिवशी. तांदळाच्या ताटात, रव्यात, मरीनाच्या वाळूत बोटाने काढू द्या. घ आणि ध, भ आणि म यांत गोंधळ होतोच, ती अक्षरं एकाच दिवशी शिकवू नका. पहिली वेलांटी आधी दिसते आणि मागाहून उच्चारायची असते, त्यामुळे तिथे मूल अडतं, थोडं थांबा. प्र, र्प, ट्र हे र-चे अवतार तर आणखी पुढे. कन्नड मुलांच्या वाचनावर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की आपल्यासारख्या लिपीतली सगळी अक्षरं पक्की व्हायला चौथी-पाचवी उजाडते. तेव्हा दुसरीत जोडाक्षर चुकलं म्हणून हात उगारू नका. हात कधीच उगारू नका. मार खाल्लेलं मूल पुस्तक बघितलं की आधी तुमच्या हाताकडे बघतं.

अक्षरांइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, मोल वाचून दाखवण्याला आहे. रात्री जेवण झालं की मुलाला शेजारी बसवा. समोर बसवू नका, पुस्तक दोघांना सुलट दिसलं पाहिजे. ओळीखालून बोट फिरवत, जरा आवाज काढत वाचा. मधे थांबा, “आता काय होईल?” एवढंच विचारा. प्रश्नांची सरबत्ती करून गोष्टीचा धडा करू नका. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तर दहाव्यांदा वाचा. मुलं अशीच शब्द ओळखायला लागतात. आई फारशी शिकलेली नसेल तर चित्रं बघून गोष्ट सांगावी, तीही चालते. वडिलांचं दुकान उशिरा बंद होत असेल तर मोठ्या भावंडाने धाकट्याला वाचून दाखवावं, दोघांचंही वाचन सुधारेल. गावी विट्याला, आटपाडीला आजी-आजोबा असतील तर व्हिडिओ कॉलवर “जेवलास का?” झाल्यावर आजोबांनी एक गोष्ट वाचावी, नंतर नातवाने एक ओळ. आजीचा मोबाइलवर आलेला मराठी निरोप मुलाला वाचायला द्या, उत्तर त्यालाच बोटाने लिहू द्या. भिंतीवरच्या कालनिर्णयातला आजचा वार त्याने रोज सकाळी वाचावा. मोबाइलवर गोष्टीचा व्हिडिओ लावून देणं मात्र यात धरू नका. तिथे मूल बघतं, वाचत नाही.

पुस्तकं नाहीत ही सबब आता चालणार नाही. चेन्नईतलंच ‘तूलिका’ हे प्रकाशन १९९६ पासून मुलांची चित्रपुस्तकं नऊ भाषांत काढतं, त्यांत मराठी आणि तमिळ दोन्ही आहेत. ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं मागवा. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ तर प्रत्येक मराठी घरात असावं, कारण त्यात मुलाला त्याच्याच घरातली माणसं भेटतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीतल्या गोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून छापूनही घेता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आणि १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंकही संकेतस्थळावर मोफत आहेत. मे महिन्यात गावी जाल तेव्हा येताना चटणी-पापडांच्या पिशवीत पाच पुस्तकं टाका. आणि ती कपाटात, काचेमागे ठेवू नका. फाटली तर फाटू द्या.

“आम्हाला शिकवता येत नाही” असं म्हणणाऱ्या आयांना एक हकीकत सांगते. करोनात तमिळनाडूतल्या प्राथमिक शाळा मार्च २०२० पासून ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपर्यंत बंद होत्या. मुलं वाचायला विसरली. तेव्हा सरकारने ‘इल्लम तेडी कल्वी’ ही योजना काढली आणि वस्तीवस्तीतले स्वयंसेवक संध्याकाळी तास-दीड तास मुलांना घेऊन बसू लागले. त्यात बहुसंख्य बायका होत्या, साध्या, घरचं सांभाळून येणाऱ्या. राज्यातल्या सुमारे १९ हजार मुलांचा अभ्यास झाला त्यात दिसलं की शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत दोन तृतीयांश तूट भरून निघाली, आणि त्या भरपाईतला जवळजवळ पाव वाटा या संध्याकाळच्या वर्गांचा होता. त्यांना जमलं ते तुम्हाला जमेल.

शाळेत पालकसभेला जाल तेव्हा “पोर्शन किती झाला?” हे विचारणं सोडा. विचारा की माझं मूल न बघितलेला मजकूर स्वतः किती वाचतं? वर्गात गोष्टीची पुस्तकं मुलांच्या हाताला लागतील अशी आहेत का? बाई रोज मोठ्याने वाचून दाखवतात का? केंद्राच्या ‘निपुण भारत’ योजनेत तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असं ध्येय आहे. त्यातलं ‘अर्थ समजून’ लक्षात ठेवा, घड्याळ लावून बसू नका. पहिलीच्या मुलाला ट्यूशनला घालण्याच्या तर मी पूर्ण विरोधात आहे. तिथेही तेच पाठांतर होतं आणि संध्याकाळचा तुमचा वेळ जातो.

काही मुलं एवढं करूनही मागे राहतात. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा नीट न दिसणाऱ्या मुलाला आपण वर्षभर आळशी म्हणत राहतो. तेही ठीक असेल, मूल बोलण्यात चलाख असेल आणि तिसरीतही अक्षरं निसटत असतील, तर मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था याच शहरात तीसेक वर्षं काम करते आहे. तिथे दाखवा. लाज धरून दोन वर्षं घालवू नका.

शेवटची विनंती चेन्नईतल्या मराठी मंडळांना आणि व्यापाऱ्यांच्या संघटनांना. महरट्टा एज्युकेशन फंड १९१२ पासून मराठी विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला हातभार लावतो आहे. कॉलेजच्या फीला मदत करणारे हात आपल्यात आहेत. आता आठ वर्षांखालच्या मुलांकडे बघा. गणपतीत कार्यक्रमांवर खर्च होतो त्यातला थोडा काढून पन्नास मराठी चित्रपुस्तकं घ्या, एखाद्या सभासदाच्या घरी किंवा दुकानाच्या माळ्यावर ठेवा आणि दर रविवारी सकाळी एक तास मुलांना वाचून दाखवा. महाराष्ट्रातल्या शाळा १५ ऑक्टोबरला अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी ‘वाचन प्रेरणा दिन’ पाळतात. कलाम तर तमिळनाडूचेच, रविवारच्या वाचनाला त्या दिवशी सुरुवात करा. आणि आईवडिलांनो, तुम्ही तोवर थांबू नका. आज रात्री जेवणं झाली की टीव्ही बंद करा, मुलाला शेजारी घ्या आणि पंधरा मिनिटं त्याला मराठी पुस्तक वाचून दाखवा.